शिलाई मशीन विकण्याआधी पैसे पोचले पाहिजेत

प्रश्न असा आला आहे: सरकारची सामाजिक सुरक्षा गरजू माणसाला नेमकी कशी वाचवते? महिन्याकाठी थोडी रक्कम हातावर टेकवून खरंच फरक पडतो का, की अशाने माणसं काम करायचंच सोडतात? मी या कामात सव्वीस वर्षं काढली. आधी अर्जांची छाननी, मग घरोघरी जाऊन चौकशी, आणि शेवटची दहा वर्षं नामंजूर अर्जांवरची अपिलं ऐकणं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

रक्कम किती, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. घर गरिबीत जातं कसं, ते आधी पाहू. मी पाहिलेली बहुतेक घरं एका धक्क्याने खाली आली होती. कमावता माणूस अंथरुणाला खिळला, काम सुटलं, अपघातात हात गेला, किंवा तो माणूसच गेला. पहिल्या महिन्यात गाठीचे पैसे संपतात. दुसऱ्या महिन्यात उसनवारी होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उसनं देणारे दार लावून घेतात आणि मग विक्री सुरू होते. आधी अंगावरचं जातं, मग घरातलं, आणि शेवटी जातं ते कमाईचं साधन. जनावर, हातगाडी, हत्यारं, बियाणं. मुलाला शाळेतून काढून कामाला लावणं हीसुद्धा विक्रीच आहे, फक्त ती त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांची असते.

एका विधवेच्या अर्जाची चौकशी करायला मी गेलो होतो. नवरा जाऊन आठ महिने झाले होते, अर्ज करून सात. खिडकीखाली जमिनीवर चार गोल खुणा दिसल्या. तिथे तिचं शिलाई मशीन होतं, महिन्याभरापूर्वीच विकलं होतं. पुढे अर्ज मंजूर झाला, थकबाकीसकट पूर्ण रक्कम मिळाली. कागदावर सरकारने तिचं एका पैशाचंही देणं ठेवलं नाही. पण ती बाई त्यानंतर कित्येक वर्षं त्या पेन्शनवरच राहिली, कारण मशीन परत घ्यायला ती थकबाकी पुरली नाही. तीच रक्कम, तितकीच, दुसऱ्या महिन्यात पोचली असती तर तिला कदाचित वर्षभरच मदत लागली असती. या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी त्या चार खुणांवरून मोजतो. सामाजिक सुरक्षेचं पहिलं काम गरिबी दूर करणं हे नाही. घसरणाऱ्या माणसाला मधल्याच पायरीवर थांबवणं हे आहे.

हे थांबवायचे मुख्य रस्ते दोन. पहिला विम्याचा. कमावते असताना सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. जर्मनीत चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्क याच्या काळात हे कायद्याने सुरू झालं: 1883 मध्ये आजारपणाचा विमा, 1884 मध्ये कामावरच्या अपघाताचा, 1889 मध्ये म्हातारपण आणि अपंगत्वाचा. अपघात विम्याची सगळी वर्गणी मालकाने भरायची होती, पेन्शनची मालक आणि कामगार यांनी निम्मी-निम्मी, वर सरकारची भर. लोक विचारतात, सक्ती कशाला? ज्याला हवं तो भरेल. तसं केलं तर धडधाकट, तरुण माणसं बाहेर राहतात, आजारी आणि म्हातारी तेवढी आत येतात, वर्गणी वाढते, वाढली की आणखी धडधाकट बाहेर पडतात, आणि शेवटी विमाच बुडतो. खाजगी कंपनी यावर उपाय म्हणून आजारी माणसाला दारातच नाकारते. सरकारला तो मार्ग घेता येत नाही, म्हणून सगळ्यांना आत घ्यावं लागतं. सक्ती हा या रचनेचा कणा आहे.

विम्याची मर्यादाही तितकीच ठळक आहे. ज्याच्या पगारातून वर्गणी कापता येते तोच आत येतो. अमेरिकेत 14 ऑगस्ट 1935 रोजी सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार वृद्धापकाळाच्या पेन्शनमधून वगळले गेले होते. म्हणजे ज्यांची म्हातारपणाची सोय सर्वांत कमी, तेच बाहेर. त्यांच्यासाठी दार उघडलं 1950 आणि 1954 च्या दुरुस्त्यांनी. ज्या देशांत बहुतेक लोक रोजंदारीवर किंवा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतात, तिथे हा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

दुसरा रस्ता करांतून देण्याचा. वर्गणी भरली की नाही हे न विचारता, म्हातारा आहे, मूल आहे, अपंग आहे, हे पाहून द्यायचं. डेन्मार्कने 1891 मध्ये आणि न्यूझीलंडने 1898 मध्ये वृद्धांसाठी हे केलं. ब्रिटनचा कायदा 1908 चा, पहिले पैसे हातात पडले 1 जानेवारी 1909 रोजी. या ब्रिटिश पेन्शनकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, आणि त्याचं कारण रकमेत नाही. सत्तरी ओलांडलेल्याला आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग, तेही उत्पन्न तपासून. शिवाय ज्यांनी नुकतीच गरीब-मदत घेतली होती किंवा ज्यांच्यावर कामचुकारपणाचा ठपका होता त्यांना वगळून. कायदा कडकच होता. पण पैसे मिळायचे पोस्टात.

हे समजायला पाऊणशे वर्षं मागे जावं लागतं. 1834 च्या गरीब कायद्याचं तत्त्व असं होतं की मदतीवर जगणाऱ्याची अवस्था सर्वांत कमी मजुरीवर राबणाऱ्यापेक्षा वाईटच असली पाहिजे, नाहीतर कोण राबेल? म्हणून धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने बंदिस्त कामघरात यायचं. आत आलं की गणवेश घालायचा, नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. उपाशी मरू, पण तिथे जाणार नाही, असं माणसं म्हणायची. त्या व्यवस्थेला वाटायचं, आपण गरजू नेमके ओळखतो आहोत. प्रत्यक्षात ती भित्र्यांना, स्वाभिमानी माणसांना आणि आजाऱ्यांना गाळत होती. आणि मग 1909 मध्ये एक म्हातारी पोस्टात जाते. तिथेच शेजारी कुणी तिकिटं घेत असतो. म्हातारी पेन्शनचं पुस्तक पुढे करते, पैसे घेते आणि घरी जाते. कुणी तिला पाहिलं तरी तिचं काय चुकलं असं कुणाला वाटत नाही. रक्कम लहान होती, पण ती हक्काने आणि मान खाली न घालता मिळत होती. मदत कोणत्या खिडकीतून मिळते यावर ती किती लोक घेतील हे ठरतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

म्हातारपणाच्या पेन्शनचा हिशेब अनेकांना कोड्यात टाकतो, त्यासाठी एक उदाहरण. अमेरिकेत पहिली मासिक पेन्शन मिळाली आयडा मे फुलर या बाईंना, 31 जानेवारी 1940 रोजी, 22.54 डॉलरचा चेक. त्यांनी तीन वर्षांत भरलेली वर्गणी होती 24.75 डॉलर. त्या शंभर वर्षं जगल्या, 1975 मध्ये गेल्या, आणि तोवर त्यांना एकूण 22,888.92 डॉलर मिळाले. त्यांचे पैसे आले कुठून? त्या वेळी काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून. आजचे कमावते आजच्या वृद्धांना देतात आणि उद्याच्या कमावत्यांकडून घेतात. जन्म कमी होऊन आयुष्य वाढलं की हे गणित ताणलं जातं, म्हणूनच जगभर निवृत्तीचं वय आणि वर्गणी यांवर इतके वाद होतात. या वादांत दोन्ही बाजूंचं म्हणणं मी गांभीर्याने घेतो. मात्र पेन्शन कमी केली तर खर्च नाहीसा होत नाही. तो मुलांच्या घरावर जातो, आणि ज्यांना मुलं नाहीत किंवा मुलंच गरीब आहेत त्यांच्या बाबतीत तो उपासमारीच्या रूपात दिसतो.

फुलरबाईंच्याच चेकमध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोडे सांगतात. 1940 पासून 1950 पर्यंत तो चेक 22.54 डॉलरचाच राहिला. मध्ये महायुद्ध झालं, भाव चढले, चेक जागचा हलला नाही. 1950 मध्ये कायदा बदलून तो 41.30 वर गेला. महागाईप्रमाणे आपोआप वाढ सुरू व्हायला 1975 उजाडलं. कुठलीही योजना तपासताना मी हा प्रश्न सुरुवातीलाच विचारतो: रक्कम महागाईला बांधलेली आहे का? बांधलेली नसेल तर ती योजना दरवर्षी थोडी थोडी बंद होत असते, कुणी घोषणा न करता.

ब्रिटनमध्ये डिसेंबर 1942 मध्ये अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा अहवाल आला आणि विमा, करांतून मदत, आरोग्यसेवा हे सगळं एकत्र विणण्याचा विचार रुळला. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम 22 मध्ये सामाजिक सुरक्षा हक्क म्हणून नोंदली गेली. 1952 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार क्रमांक 102 मध्ये तिच्या नऊ शाखा ठरवल्या. उपचार, आजारपण, बेकारी, म्हातारपण, कामावरची इजा, कुटुंब, बाळंतपण, अपंगत्व, आणि कमावत्याच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांची सोय. या यादीकडे नीट पाहिलं तर कळतं की यातली एकही गोष्ट आळसातून येत नाही. त्याच संघटनेच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये जगातल्या 52.4 टक्के लोकांना यांपैकी निदान एका गोष्टीचं संरक्षण होतं. 2015 मध्ये ते 42.8 टक्के होतं. म्हणजे अजून सुमारे 380 कोटी माणसं धक्का बसला तर आपापल्या नातेवाइकांच्या भरवशावर आहेत, आणि गरिबांचे नातेवाईक बहुधा गरीबच असतात.

आता आळसाचा प्रश्न. तो विचारणाऱ्यावर मी चिडत नाही, कारण पैसा लोकांचा आहे आणि विचारायचा अधिकार आहे. मेक्सिकोने 1997 मध्ये गरीब कुटुंबांना, मुलं शाळेत जातील आणि दवाखान्यात तपासणी होईल या अटीवर रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. काही गावांत आधी आणि काही गावांत नंतर, अशा पद्धतीने ती सुरू झाल्यामुळे परिणाम तुलना करून पाहता आला. मुलांचं, विशेषतः माध्यमिक वयाच्या मुलींचं, शाळेतलं प्रमाण वाढलं. मोठ्यांनी काम सोडलं असं दिसलं नाही. ब्राझीलने 2003 मध्ये वेगवेगळ्या योजना एकत्र करून मोठा कार्यक्रम उभा केला, त्यात पैसे काढायची बहुतेक कार्डं बायकांच्या नावावर होती. दक्षिण आफ्रिकेने 1998 पासून मुलांसाठी अनुदान दिलं. वेगवेगळ्या देशांत अशा योजना तपासल्या गेल्या, आणि थोड्या रोख मदतीने गरीब माणूस काम सोडतो याला पुरावा मिळत गेला नाही. उलट माझा अनुभव असा की बसभाडं हातात असलं की माणूस काम शोधायला लांब जातो. खिसा रिकामा असला की दारात येईल ते, पडेल त्या मजुरीला घेतो.

पण एक सापळा खरा आहे, आणि तो योजना आखणारेच लावतात. समजा, एखाद्याला महिन्याला 100 मिळतात आणि नियम असा की त्याने जितकं कमावलं तितकं मदतीतून कापायचं. त्याने 60 कमावले. मदत 40 वर आली. हातात पुन्हा 100च. महिनाभर राबून, येण्याजाण्याचा खर्च वजा जाता, तो आधीपेक्षा मागे पडला. त्याहून वाईट म्हणजे एकच रेषा: उत्पन्न अमुक आकड्याच्या वर एक रुपया गेलं की सगळी मदत बंद. अशा रेषेजवळची माणसं जास्तीचं काम नाकारतात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो. उपाय अवघड नाही. कमाईतला अर्धाच भाग कापायचा, पहिल्या काही महिन्यांची कमाई मोजायचीच नाही, आणि काम सुटलं तर नव्याने अर्ज न करता मदत पुन्हा सुरू करायची. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणूस तात्पुरतं काम घ्यायला घाबरतो, कारण ते सुटलं तर पुन्हा सात महिने थांबावं लागेल हे त्याला ठाऊक असतं.

काम करू शकणाऱ्यांसाठी आणखी एक रस्ता आहे, कामाचीच हमी देण्याचा. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात रुजली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी त्यासाठी आग्रह धरला, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. 2005 च्या देशव्यापी कायद्यात मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायची तरतूद आली. यात गरजू कोण हे कारकुनाने ठरवायचं नसतं. उन्हात माती उपसायला जो येतो तो गरजूच. हा गुण मोठा आहे. मात्र म्हातारे, आजारी, बाळंतीण यांना या रस्त्याने नेता येत नाही, आणि मजुरी आठवडेच्या आठवडे अडकली तर हमी या शब्दाला अर्थ उरत नाही.

बेकारी भत्त्याबद्दल थोडक्यात एवढंच की तो शेजाऱ्यालाही वाचवतो. मोठा कारखाना बंद पडला आणि कामगारांच्या हातात काहीतरी येत राहिलं, तर दुकानदाराचं गिऱ्हाईक टिकतं, घरमालकाला भाडं मिळतं, आणि एका बंद दारामागून दहा दारं बंद होत नाहीत.

आता जिथे मी सर्वांत जास्त वर्षं घालवली तिथे येतो. टेबलावर. कायदा कितीही चांगला असला तरी माणूस वाचतो किंवा बुडतो तो अर्जाच्या वेळी. गरजूंनाच द्यायचं म्हटलं की गरज सिद्ध करायला कागद लागतो, आणि जितका माणूस अडचणीत तितके त्याचे कागद कमी. स्थलांतरित मजुराकडे पत्त्याचा पुरावा नसतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे ना घटस्फोटाचा हुकूम असतो, ना मृत्यूचा दाखला. चुकीच्या माणसाला लाभ मिळाला तर बातमी होते, अधिकाऱ्याची चौकशी होते. योग्य माणूस वंचित राहिला तर काहीच होत नाही, कारण तो गुपचूप घरी जातो. त्यामुळे टेबलामागचा माणूस, तो मनाने कितीही चांगला असला तरी, नाकारण्याकडे झुकतो. मीही झुकलो होतो. सुरुवातीच्या वर्षांत एका वृद्धाचा अर्ज मी परत पाठवला, दोन कागदांवर वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक होता म्हणून. नियमाने मी बरोबर होतो. ते दुरुस्त करून आणायला त्यांना तीन हेलपाटे पडले, आणि चौथ्या वेळी त्यांचा मुलगा एकटाच आला, ते गेल्याचं सांगायला. ती फाईल बंद करताना काय लिहिलं ते मला अजून आठवतं: अर्जदार मयत, कार्यवाही आवश्यक नाही.

संगणकाने हे आपोआप सुटेल असं मानणाऱ्यांनी दोन प्रकरणं जरूर समजून घ्यावीत. ऑस्ट्रेलियात 2016 च्या सुमारास लाभार्थ्यांचं वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सरसकट भागून, तुम्ही जास्तीची मदत घेतली, असं यंत्राने ठरवायला सुरुवात झाली. ज्याने सहा महिने काम केलं आणि सहा महिने बेकार होता, त्याला वर्षभर कमावता धरलं गेलं. चूक दाखवायची जबाबदारी त्याच्यावरच होती, वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून. चार लाखांहून अधिक लोक यात भरडले गेले. 2019 मध्ये ही पद्धत बेकायदा ठरली, 2020 मध्ये पैसे परत करायची घोषणा झाली, 2023 मध्ये चौकशी आयोगाने अहवाल दिला. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघर-अनुदानात किरकोळ चुकांवरून आईवडिलांना फसवे ठरवून अनुदान सगळंच्या सगळं वसूल केलं गेलं, घरं मोडली, आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे यंत्रणा कार्यक्षम. बिघाड तिथे होता जिथे शंकेचा फायदा माणसाला द्यायचा की खात्याला, हे ठरलं.

म्हणून कुठलीही व्यवस्था लोकांना वाचवते का, हे पाहायला मी लाभार्थ्यांची एकूण संख्या विचारत नाही. अर्जापासून पहिला पैसा हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, हे विचारतो. नामंजूर अर्जांपैकी किती जणांना कारण लेखी मिळालं, आणि अपिलात किती निर्णय फिरले, हे विचारतो. फिरलेल्या निर्णयांचं प्रमाण मोठं असेल तर पहिलं टेबल चुकतं आहे. चौकशी चालू असताना हातखर्चापुरती तात्पुरती रक्कम मिळते का, हेही पाहतो. ती देणं धोक्याचं वाटतं, पण शिलाई मशीन तिच्यामुळेच घरात राहतं. आणि दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला देण्यासाठी अंथरुणावरच्या माणसाला उचलून आणावं लागतं, की खात्याचा माणूस त्याच्या घरी जातो?

तुम्ही स्वतः किंवा ओळखीचं कुणी आत्ता अर्जाच्या फेऱ्यात असेल तर तेवढं सांगून थांबतो. अर्ज अपुरा असला तरी आजच द्या, कारण अनेक योजनांत देणं अर्जाच्या तारखेपासून मोजलं जातं, आणि उरलेले कागद नंतर जोडता येतात. तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी नकार आला तर तो लेखी मागा. लेखी कारणाशिवाय अपील लंगडं पडतं. अपिलाची मुदत कागदावर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते, ती आधी वाचा. माझ्यासमोर आलेल्या अपिलांत जी मंजूर झाली, त्यांतल्या पुष्कळांत नवं काहीच नव्हतं. पहिल्या टेबलावर न पाहिलेला एखादाच कागद होता, आणि तो घेऊन दुसऱ्यांदा यायची ताकद त्या माणसात उरली होती.